काळा मासा आणि ओलं सिलिकॉन

टाकी आत्याची होती आणि दिवा मामांचा. एवढं समजलं की लातूरच्या त्या घरातले निम्मे वाद समजले म्हणायचे. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात, तेव्हा इथे मामा म्हटलं की आत्याचे यजमान समजावेत. शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि समोर वर्ग उरला नाही म्हणून घरातल्या माणसांना शिकवत. दूध नासलं तरी आत्याला विचारायचे, "नासलं ते दिसून राहिलंय. कारण काय ते सांग." आत्या म्हणायची, "कारण तुमची नजर." माशांची टाकी तिला वास्तू बघणाऱ्या कुणीतरी सांगितली होती. ईशान्येला पाणी ठेवायचं, त्यात आठ सोनेरी मासे आणि एक काळा. सोनेरी मासे बरकतीचे, आणि काळा घरावर येणारं संकट स्वतःच्या अंगावर घेणारा. काळा मेला तर रडायचं नाही, हात जोडायचे आणि दुसरा आणून सोडायचा. हे पहिल्यांदा ऐकून मामांना हसता हसता ठसका लागला होता म्हणे. पण टाकी आली, आणि आत्याच्या कुठल्याच गोष्टीत कधी न पडणारे मामा त्या टाकीच्या दिव्यात मात्र पार अडकले.

मी नांदेडकडच्या लोह्याहून अकरावीला लातूरला आले ती पप्पांच्या हौसेने. आमच्या भागात लेकरू दहावीला बरे मार्क पाडून आलं की त्याला लातूरला टाकतात, असंच म्हणतात, टाकतात. मला डॉक्टर व्हायचं होतं की नव्हतं, हे मला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. क्लासमध्ये एका बाकावर दाटीवाटीने बसून मी जे लिहून घ्यायचे ते घरी येऊन वाचलं की दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटायचं. आजही त्या दोन वर्षांचं आठवायला बसले की आधी आठवतो तो गोंधळच. म्हणजे आपण कुठे आहोत, कशासाठी आहोत आणि आजूबाजूची माणसं एवढ्या खात्रीने कुठे निघालीत, हे काही केल्या न कळणं. त्यामानाने आत्याचं घर समजायला सोपं होतं. सकाळी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा तिखट, दाण्याचं कूट पेरलेला नाश्ता, दुपारी भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी, संध्याकाळी देवापुढे दिवा. दिवसभर टाकीतल्या हवेच्या पंपाची घुरघुर. पाहुण्यांना ती जाणवायची, आम्हाला ती फक्त वीज गेली की जाणवायची, बंद पडली म्हणून. आणि आठ-दहा दिवसांनी गल्लीत आरोळी उठायची, "नळ आले!" मग सगळी गल्ली हातातलं काम टाकून पळायची. हौद, ड्रम, पातेली, तांबे, सगळं भरून झालं की आत्या शेवटचा ड्रम भरून त्यावर झाकण ठेवायची आणि म्हणायची, "हा माशांचा. कुनी हात लावायचा न्हाई." मामा म्हणायचे, "माणसाला आंघोळीला न्हाई अन् माशांना पव्हायला हाय." तरीही त्या ड्रमला त्यांनी कधी हात लावला नाही.

दिव्याची भानगड अशी होती की टाकीच्या झाकणाला एक दिवा होता आणि पाण्याच्या वाफेने त्याचा होल्डर गंजून गेला होता. तिन्हीसांजेला टाकीत अंधार नको, असं वास्तूवाल्याचं म्हणणं. माशांना अंधार-उजेड सारखाच, असं मामांचं. पण बिघडलेली वस्तू घरात तशीच पडून राहणं त्यांना सोसायचं नाही. त्यांनी ठरवलं की दिवा झाकणाला नकोच, थेट पाण्यात ठेवायचा, मागच्या काचेला लावून, एलईडीची पट्टी. क्लासवरून येताना बाजारातून ती पट्टी मीच आणली. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून ती उलटीपालटी केली.

"रेणू, ह्याच्यावर वॉटरप्रूफ लिवलंय. खरं हाय का?"

"लिहिलंय म्हणजे असेल ना, मामा."

"लिवलंय मनून असंल! अशानं डॉक्टर व्हशील का गं तू?"

खरं नव्हतंच ते. पट्टीवर वरून पातळ मेणचट थर होता, पण जिथे ती कापली होती ते टोक उघडंच. चार दिवस टाकी झगमगली, मग एका बाजूचे दिवे हिरवट झाले, मग निम्मी पट्टी गेली. मामांनी ती बाहेर काढून टोकाशी साठलेलं पाणी मला दाखवलं तेव्हा त्यांच्या तोंडावर दुःख नव्हतं, उलट आनंदच होता. त्या आठवड्यात पप्पा लोह्याहून तुरीच्या शेंगा घेऊन आले होते. ते बघून म्हणाले, "भावजी, बोअरच्या मोटारीचा जॉइंट इतका खोल पाण्यात वर्षानुवर्षं ऱ्हातो, आन् तुमची ही बोटभर पट्टी टिकंना?" मग दिव्याची नवी पट्टी आणवून त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि आम्ही शेतात मोटारीची तार जोडतो तसा जॉइंट बांधला. सोल्युशन लावून ताणून रबर गुंडाळायचं, त्यावर काळी टेप, परत रबर. टाकीत तो जाडजूड काळा गठ्ठा इतका भयंकर दिसत होता की आत्याने त्याच्यापुढे प्लास्टिकचं झाड ठेवलं. तोही दिवा काही दिवसांनी गेला. मामांनी जॉइंट ब्लेडने उभा चिरला. आत रबर कोरडं ठणठणीत, पण तार ओली. "जॉइंट पक्काच व्हता तुझ्या बापाचा," ते म्हणाले. "पाणी तारेच्या कव्हरातून चढलं, दुसऱ्याच टोकाकडून. केशाकर्षण! वाच जा, पुस्तकात हाय." मी वाचलं. परीक्षेला आलं नाही.

त्याच सुमारास मामांना जिना चढताना थांबावं लागू लागलं. आधी ते म्हणायचे ॲसिडिटी, मग म्हणायचे वय. मग एक दिवस भाजीची पिशवी घेऊन येताना कोपऱ्यावरच्या गिरणीत बसकण मारली. तपासण्या झाल्या. हृदयाच्या नळ्या तीन ठिकाणी चोंदल्या होत्या, बायपास करायचं ठरलं. नांदेडला पप्पांच्या ओळखीचे डॉक्टर होते, आणि लोह्याहून डबा पोचवणंही सोपं, म्हणून नांदेड. डॉक्टरांनी आत्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की मामांच्या हृदयाची ताकद कमी आहे, ऑपरेशन केलं तरी जोखीम आहे आणि न केलं तरी आहे. हे मामांना सांगायचं नाही, असं आत्याने आम्हाला बजावलं. मामांनी ते कागदावर आधीच वाचलं होतं, आणि आत्याला सांगायचं नाही असं मला बजावलं. मी मधल्यामध्ये. स्वयंपाकघरात गेले की आत्या डोळे पुसत असायची आणि बाहेर आले की मामा, "काय करून राहिली ती आत? रडून राहिली का?" असं विचारायचे. मी म्हणायचे, कांदा चिरतेय. त्या महिन्यात आमच्या घरात केवढे कांदे चिरले गेले म्हणायचे.

आणि अशा वेळी मामांना तो दिवा पूर्ण करायचा होता. या खेपेची युक्ती त्यांची स्वतःची. गवंडी भिंतीची पातळी बघायला पाणी भरून वापरतात ती पारदर्शक नळी त्यांनी हार्डवेअरमधून हातभर कापून आणली. दिव्याची नवी पट्टी पूर्ण त्या नळीत सरकवायची, एक टोक सिलिकॉनने बुजवायचं, दुसऱ्या टोकातून तार बाहेर काढून तेही बुजवायचं, आणि नळीचं ते टोक पाण्याच्या वर ठेवायचं. म्हणजे केशाकर्षणाला जागाच नाही. तार भिंतीवरच्या बटणाकडे नेताना मध्ये खाली झोल द्यायचा, म्हणजे तारेवरून ओघळलेला थेंब झोलापाशी खाली पडेल, बटणापर्यंत जाणार नाही. हे सगळं ते मला समजावून सांगत होते आणि मला समजत होतं. क्लासमध्ये महिनोन्महिने काहीच न समजलेली मी, त्या झोलाचं कारण ऐकून इतकी खूश झाले की मला माझंच नवल वाटलं. नळीत पट्टी सरकवायला बोटं बारीक लागतात म्हणून ते काम माझं. ती मध्येच अडकली तेव्हा मामा म्हणाले, "सावकाश. माझ्या नळ्यांत बी असंच काहीतरी सरकवत्याल आता." मी हसावं की काय करावं, कळेना.

सिलिकॉनची ट्यूब बाथरूमचं बेसिन बसवताना उरलेली होती. नळीच्या दोन्ही टोकांना ती दाबली आणि घरभर आंबूस वास सुटला. आत्या आतून ओरडली, "रेणू, पीठ आंबलं का बघ गं!" पिठाचा डबा उघडून तिने वास घेतला, दही हुंगलं, लोणच्याची बरणी उघडली, आणि शेवटी आमच्या हातातली ट्यूब बघून कपाळाला हात लावला. मामा दिवाणावर बसून टोकं वाळायची वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडला निघायचं होतं. बॅगा भरलेल्या, दारात उभ्या. वर साय धरली होती, पण नखाने दाबलं की आतलं मऊ लागत होतं.

"मामा, हे नीट वाळायला दोन-तीन दिवस तरी लागतील. बेसिनच्या वेळी तो माणूस म्हणाला होता."

"दोन-तीन दिवसांनी मी कुठं ऱ्हाईन?"

"तुम्ही आल्यावर लावू की."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मामा रागीट होते, टोमणे मारायचे, पण त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीच नव्हतं. "जायच्या आधी एकदा बघू दे मला," ते म्हणाले. आज मी पुरती मोठी झालेय. काहीतरी संपवून मगच दवाखान्यात जायचं, ही घाई आता मला चांगली कळते. तेव्हा एवढंच कळलं की हे वाक्य सिलिकॉनबद्दल नाही.

तिन्हीसांजेला आम्ही नळी टाकीत सोडली. आत्या देवापुढे दिवा लावून बाहेर आली तेव्हाच मामांनी बटण दाबलं. पाण्यात मागून एक स्वच्छ पांढरा उजेड आला, बुडबुडे त्यातून वर चढताना दिसू लागले, सोनेरी मासे खरंच सोन्याचे दिसले, आणि काळा, बटबटीत डोळ्यांचा, संथपणे त्या उजेडासमोरून गेला. मग आत्या म्हणाली, "छान झालं हो." तिने नवऱ्याच्या कामाला छान म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. मामा म्हणाले, "पाणी शिरायचं न्हाई आता." सकाळी ते दोघं नांदेडला गेले. क्लास बुडवायचा नाही म्हणून मी मागेच राहिले. शेजारच्या काकू रात्री सोबतीला यायच्या.

पाणी शिरलं नाही. ते मामांचं अगदी खरं ठरलं. दिवा शेवटपर्यंत लख्ख चालू होता. पण दुसऱ्या दिवसापासून पाण्यावर तेलकट तवंग आला आणि मासे सारखे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. मला वाटलं भूक लागलीय, मी दाणे टाकले. आंबूस वास येत होता, पण तो माझ्या डब्याचा की टाकीचा, माझं मलाच ठरवता येईना. नांदेडला फोन करावा तर तिकडे तपासण्या चाललेल्या. त्या दिवसांत माझं डोकंच ठिकाणावर नव्हतं. क्लासमध्ये हृदयाचाच धडा चालला होता, फळ्यावर चार कप्पे काढलेले, आणि मला त्यातलं कुठलं मामांचं हेच शोधावंसं वाटे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी उठून टाकीपाशी आले तर काळा मासा आडवा होऊन वर तरंगत होता. सोनेरी सगळे जिवंत, एका कोपऱ्यात गोळा होऊन धापा टाकणारे. मग मात्र मला उशिराने का होईना सुचलं. मी दिवा बंद केला, नळी बाहेर काढली, टोकाचं सिलिकॉन दाबलं तर आत अजून लोण्यासारखं, आणि वास तोच. माशांचा ड्रम उघडला, तांब्या-तांब्याने टाकीतलं जुनं पाणी काढून नवं भरलं. आणि मी आत्याला फोन केला. करायला नको होता, त्या वेळी तर नकोच. पण घरात मी एकटी आणि माझ्यासमोर वाटीत तो मासा.

"आत्या, काळा मेला."

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "कवा?"

"आत्ता. सकाळी बघितलं. आत्या, ते सिलिकॉन ओलं होतं गं, त्याच्यामुळं..."

"देवा!" आत्या म्हणाली, आणि रडायला लागली. मला वाटलं मी घात केला. पण ते रडणं तसं नव्हतं. ती पप्पांना सांगत होती, "दादा, काळ्यानं घेतलं! त्याच्या अंगावर घेतलं! आत्ताच मेला म्हन्ती रेणू!" दवाखान्याच्या त्या बोळकांडीत कोण कोण बसलं होतं कुणास ठाऊक, पण मला फोनवर अनोळखी बायकांचे आवाज ऐकू येऊ लागले. कुणी विचारत होतं केवढा मासा, कुणी म्हणत होतं आता काही होत नाही बघा. मी ओरडून सांगत होते, "आत्या, ऐक तरी, दिव्यामुळं मेला तो!" आत्या म्हणाली, "गप, माय. काही बोलू नको. त्याला वाहत्या पाण्यात सोड अन् हात जोड."

लातुरात वाहतं पाणी! मी वाटी घेऊन अंगणात उभी. नळ येऊन गेलेले, पुढच्या खेपेला अजून आठवडा. नदी म्हणावी तर ती तिकडे दूर, आणि तिथेही त्या दिवसांत वाहायला काही नव्हतं. शेजारच्या काकूंनी विचार करून गटार सुचवलं, मग स्वतःच जीभ चावली. शेवटी कढीपत्त्याच्या कुंडीत मी त्याला पुरला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं, ते खालच्या भोकातून वाहिलं, तेवढंच. हात जोडले. कुणाला आणि का, ते कळत नव्हतं. मी ज्याला जोडले त्याला मारणारा आमचाच दिवा होता आणि तो दिवा करणारा माणूस त्या वेळी छाती उघडी टाकून टेबलावर होता.

दुपार उलटल्यावर पप्पांचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं, डॉक्टर खूश आहेत. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि खूप रडले. पप्पा म्हणाले, तुझा फोन आला तेव्हापासून आत्या शांत बसली होती. दोन दिवस पाणीसुद्धा धड प्यायली नव्हती ती, पण फोन ठेवला, तोंड धुतलं, चहा मागून घेतला, बिस्किट खाल्लं, आणि ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडेपर्यंत हू की चू केलं नाही. "म्हणजे बरंच झालं म्हणायचं ना," पप्पा म्हणाले. मी सिलिकॉनचं परत सांगितलं. ते म्हणाले, "आता खरं सांगून मासा जिता व्हनार हाय का? आन् भावजींना तर मुळीच सांगू नको. डॉक्टरनं सांगितलंय, मनाला लागंल असं काही बोलायचं न्हाई."

हाच तर पेच होता. मामा घरी येणार, टाकीकडे बघणार आणि विचारणार, कारण काय. त्यांनी आयुष्यात दुसरं काही विचारलंच नव्हतं. खरं सांगावं तर ज्या दिव्यासाठी त्यांनी जायच्या आधीचा शेवटचा दिवस घातला त्याच दिव्याने मासा मारला, हे नुकत्याच शिवलेल्या छातीच्या माणसाला मी सांगायचं. आत्याचं कारण सांगावं तर ते मला शिकवलेलं सगळं खोटं पाडल्यासारखं. गप्प राहावं तर तेही खोटंच. त्यात आत्याने फोनवर एकदा मला गाठलंच. मी पुन्हा सिलिकॉन म्हणाले तेव्हा ती चिडून म्हणाली, "मग सोनेरी कामून न्हाई मेले? पाणी एकच, दिवा एकच. काळाच कामून? अन् त्याच सकाळी कामून?" पुढे मी एकदा टाकीवाल्या जाणकाराला विचारलं, तो म्हणाला तसले काळे मासे नाजूक असतात, आधीपासून आजारी असेल. असेल. पण त्याच सकाळी का, हे त्यालाही सांगता आलं नाही, आणि मी आजही तिथेच अडकलेली आहे.

मामा आले ते पप्पांच्या खांद्याला धरून, छातीला पट्टा, आणि हातात उशी. खोकला आला की ती उशी छातीशी घट्ट धरायची, असं शिकवलं होतं. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, पण कुजबुजल्यासारखं बोलत होता. चेहरा सुकलेला, पांढरी दाढी वाढलेली. मला त्यांच्याकडे बघवेना आणि त्यांच्यावरून नजर काढवेना. आत्याने ओवाळलं, भाकरीचा तुकडा टाकला, आत घेतलं. दिवाणावर बसले ते टाकीच्या समोरच. टाकीत अंधार. नळी मी पुसून खिडकीत ठेवली होती.

"काळा कुठं हाय?"

मी तोंड उघडलं, पण आत्या पुढे झाली. ती त्यांच्या समोर खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. ऑपरेशनच्या सकाळी कसा गेला, फोन कसा आला, तिथल्या बायका काय म्हणाल्या. सांगताना ती त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून होती. "तुम्ही हसा, काय करायचं ते करा," ती म्हणाली, "पन तुमच्यावरचं त्यानं घेतलं. मला ठावं हाय."

मामा हसले नाहीत. त्यांनी खिडकीकडे हात केला, मी नळी दिली. त्यांनी टोक नाकाशी नेलं, नखाने सिलिकॉन दाबलं. ते आता कडक वाळलं होतं, पण ट्यूब कुठली, टाकीत नळी कधी सोडली, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांचा अंगठा त्या टोकावर थांबला. मला कळलं की त्यांना कळलं. पप्पा माझ्याकडे बघून मानेने नको नको करत होते. आता ते तोंड उघडतील, आत्याला वेड्यात काढतील, आणि ती इतक्या दिवसांनी मोकळी झालेली बाई परत आक्रसून जाईल, असं वाटत होतं. आणि नाही बोलले तर मामा मामा राहिले नाहीत, असंही वाटत होतं. दोन्हींची भीती सारखीच.

"हाव," मामा म्हणाले. "घेतलं असंल. न्हाईतर मी कुठला येतो परत?"

आत्याने पदर तोंडाला लावला आणि उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला, चहाचा. पप्पा बॅगा घ्यायला बाहेर गेले. मी मामांच्या जवळ सरकले.

"मामा, ते सिलिकॉन..."

"ओलं व्हतं. म्हाईत हाय मला. हळू बोल."

"मग तुम्ही हाव कसं म्हणालात?"

त्यांनी टाकीकडे बघितलं. एक सोनेरी मासा काचेपाशी येऊन परत गेला. मग उशी छातीशी धरून, दम घेत घेत ते म्हणाले, "माझ्या छातीत काय हाय ते सगळ्यांनी बगितलं. मशिनी लावल्या, फोटो काढले. इतके दिवस ती माझ्या उशाशी बसून व्हती, तिच्या छातीत काय चाललं व्हतं ते कुनी बगितलं का?" मग म्हणाले, "उद्या क्लासवरून येताना बाजारात जा. एक काळा आण."

"तुमच्यासाठी?"

"माझं झालं. हिच्यासाठी."

सगळ्या आयुष्यात मी इतकी गोंधळलेली कधी नसेन.

"मामा, तुम्ही मानता का हे?"

"न्हाई," मामा म्हणाले. "पन चांगला तगडा बघून आण."